क्लिओफसचे लांब पलंग

क्लिओफस हारग्रोव्हची उंची बघून लोकांनी त्याला जन्मभर एकच प्रश्न विचारला, "बास्केटबॉल खेळायचास का?" आणि त्याने जन्मभर एकच उत्तर दिलं, "खेळायचो. पण पोट पलंगांवर भरलं."

तो सहा फूट नऊ इंच होता. आता पंच्याऐंशीव्या वर्षी दोन इंच कमी भरतो, पण ते त्याला मान्य नाही. दवाखान्यातली पट्टी बदलली असणार, असं तो म्हणतो. डेट्रॉइटच्या पश्चिम भागात विटांच्या एका बैठ्या घरात तो आणि त्याची बायको व्हर्डेल पन्नासहून जास्त वर्षं राहताहेत. घरातल्या सगळ्या दारांच्या चौकटी त्याने स्वतःच्या हाताने उंच केल्या आहेत. हे घर विकायला काढलं तर जिराफाखेरीज गिऱ्हाईक मिळायचं नाही, असं व्हर्डेल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

१९६० साली शहराच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. पगार वर्षाला साडेसहा हजार डॉलर. त्याची आई मोटारीच्या कारखान्यात गाड्यांच्या गाद्या शिवायची. तिने करार दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "हे खेळण्याचं झालं. काम काय करायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. संघात बारा जण होते. पाच जण खेळायचे, तिघं-चौघं खेळायच्या तयारीत असायचे, आणि क्लिओ बाकावर बसायचा. समोरच्या संघातला एखादा धिप्पाड गडी फारच माजला की प्रशिक्षक मागे न बघता म्हणायचे, "हारग्रोव्ह, जा." क्लिओ जायचा, त्या गड्याला पाच मिनिटांत सहा धक्के द्यायचा, नियमाप्रमाणे बाहेर काढला जायचा आणि परत येऊन टॉवेल पांघरून बसायचा. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलंच तर ते छापण्यात चुकायचं.

मार्चमध्ये मोसम संपला की पगारही संपायचा. मग सगळा संघ कामाला लागायचा. कर्णधार विमा विकायचा, एक जण शाळेत भूमिती शिकवायचा, एक जण बिअरचा ट्रक चालवायचा. क्लिओ आपला नशिबाने पलंगांच्या धंद्यात पडला.

त्याचं झालं असं की लग्न झालं आणि पलंग घ्यायची वेळ आली. दुकानातले सगळे पलंग सव्वासहा फुटी. क्लिओचे पाय घोट्यापासून पुढे बाहेर. व्हर्डेल रोज झोपताना पायाशी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवायची, त्यावर उशी, उशीवर त्याचे पाय. सकाळी अर्धवट झोपेत ती त्याच स्टुलाला ठेचकाळायची. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "क्लिओ, एक तर पलंग बदल, नाही तर पाय."

म्हणून तो हॅमट्रॅमकमध्ये, पोलिश लोकांच्या वस्तीत, झिगमंट वोयतासिक नावाच्या माणसाच्या दुकानात गेला. झिगमंट स्वतः सुतार. बुटका, गोल, कानावर पेन्सिल. त्याने क्लिओला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वेळ लागला.

"पलंग हवाय," क्लिओ म्हणाला.

"एक का दीड?" झिगमंटने विचारलं.

त्याने साडेसात फुटी पलंग करून द्यायचं कबूल केलं. एकशे ऐंशी डॉलर सांगितले. क्लिओकडे साठ होते. बाकीचं उन्हाळाभर दुकानात राबून फेडायचं ठरलं. सोफे उचलणं, गाड्या भरणं, तिसऱ्या मजल्यावर कपाटं चढवणं. आठवडाभराने झिगमंटला दुसरीच कल्पना सुचली. दुकानाच्या दर्शनी काचेआड तो लांब पलंग मांडायचा, त्यावर क्लिओने झोपायचं, आणि वर पाटी लावायची: हा मावतो, तर तुम्हीही मावाल.

व्हर्डेलला हे कळलं तेव्हा ती बस पकडून दुकानात आली. "माझा नवरा रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावरच्या लोकांसमोर पडून राहणार नाही."

"बाई, मग कोणत्या कपड्यांत?" झिगमंटने विचारलं.

विचार करायला तिला दोन मिनिटं लागली. "सूट. टाय. आणि बूट काढून."

म्हणून त्या उन्हाळ्यात क्लिओफस हारग्रोव्ह रविवारच्या सुटात, टाय लावून, हात पोटावर घेऊन काचेआड पडून असायचा. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने आत येऊन, हा कोण वारला, अशी चौकशी केली. दोन गोऱ्या गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं, अशा काळ्या माणसाला काचेत कशाला ठेवलंत म्हणाले. झिगमंटने त्यांना पलंगाकडे हात केला आणि सांगितलं, "मग तुम्ही झोपा तिथे. तुम्ही दोघं मिळून भराल कदाचित." दोन आठवड्यांत अकरा पलंग खपले. झिगमंटने क्लिओला कायमचं ठेवून घेतलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याला रंधा धरायला शिकवू लागला.

क्लिओला लाकूड आवडलं. चेंडू त्याच्या हातातून निसटायचा, लाकूड निसटायचं नाही. फक्त दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, मोसमाचा सराव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, अक्रोडाची एक फळी त्याच्या अंगठ्यावर पडली. अंगठा वांग्यासारखा झाला. प्रशिक्षकांनी विचारलं तेव्हा क्लिओ म्हणाला, "चेंडू झेलताना लागलं."

प्रशिक्षकांनी अंगठा नाकाजवळ नेला. "चेंडूला वॉर्निश कधीपासून लावतात रे?"

त्या वर्षी तो पगारवाढ मागायला गेला होता. व्हर्डेलने त्याच्याकडून चार दिवस घोकून घेतलं होतं: हजार मागायचे, सातशेवर यायचं, त्याच्या खाली उतरायचं नाही. व्यवस्थापकाच्या खोलीत तो गेला, खुर्चीत बसला आणि त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले. व्यवस्थापकाने विचारलं, "गेल्या वर्षी किती गुण केलेस?" क्लिओने खरं सांगितलं. त्यानंतर बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. अकरा मिनिटांनी तो तीनशेची वाढ आणि एक लोकरी ओव्हरकोट घेऊन बाहेर आला. कोट व्यवस्थापकाच्या मेहुण्याच्या दुकानातला होता आणि बाह्या क्लिओच्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या.

व्हर्डेलने कोट उलटसुलट करून पाहिला. "अकरा मिनिटं बसलास ना आत? अजून पाच मिनिटं बसला असतास तर उरलेल्या बाह्या दिल्या असत्या त्यांनी."

चौथ्या मोसमात खेळाडूंच्या संघटनेचा कागद फिरू लागला. म्हातारपणी पेन्शन मिळावं, प्रत्येक संघाला मालीश करणारा माणूस असावा, एका दिवसात दोन सामने लावू नयेत, अशा साध्याच मागण्या. पण सही करणाऱ्याची नोकरी जाईल अशी हवा होती. संघातला एक जण कागद घेऊन क्लिओच्या घरी आला. नावाजलेले खेळाडू चाचरत होते. त्यांना गमवायला पुष्कळ होतं. क्लिओही पेन हातात घेऊन बसला होता. व्हर्डेलला सातवा महिना होता. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "कर की सही. फार तर काय, बाकावरून उठवतील. पलंगावरून तर नाही ना उठवणार?"

त्याने सही केली. पुढे नोकरी कुणाचीच गेली नाही. क्लिओचा खेळ दोन वर्षांनी संपला तो गुडघ्यामुळे. संघाने त्याला एक पत्र दिलं. त्यातसुद्धा त्याचं नाव चुकलं होतं.

इथून पुढे त्याचं खरं आयुष्य सुरू झालं. झिगमंटला मूलबाळ नव्हतं. त्याच्या हाताला कंप सुटला तसं दुकान हळूहळू क्लिओच्या हातात आलं, आणि झिगमंट गेल्यावर पाटीवर दोन्ही नावं राहिली. आधी क्लिओच्या जुन्या सोबत्यांनी लांब पलंग करून घेतले, मग त्यांनी दुसऱ्या संघांतल्या मित्रांना सांगितलं. डेट्रॉइटला सामना खेळायला आलेला जवळजवळ प्रत्येक उंच माणूस एकदा तरी हॅमट्रॅमकमध्ये येऊन मापाला आडवा झाला. खेळाडूंचे पगार कसे वाढत गेले हे क्लिओला वर्तमानपत्रातून कळलं नाही, ते त्याला गिऱ्हाइकांकडे बघून कळलं. सुरुवातीचे स्वतः यायचे, घासाघीस करायचे आणि चार हप्ते मागायचे. मग रोख देणारे आले. मग लांबलचक फरचे कोट घालून आलेले आले, जे किंमत विचारायचेच नाहीत, आणि क्लिओला आपण होऊन सांगावी लागायची. मग खेळाडू यायचे बंद झाले, त्यांचे वकील यायला लागले. मग वकिलांचे मदतनीस. शेवटी शेवटी एका मदतनिसाच्या मदतनिसाने फोन करून तीन पलंग मागवले आणि माप विचारल्यावर म्हणाला, "उंच."

क्लिओला एकदाच राग आला, १९९६च्या उन्हाळ्यात. कुठल्याशा संघाने एका बाकावर बसणाऱ्या गड्याला सात वर्षांचे अडीच कोटी डॉलर दिले. सामन्याला सरासरी तीन गुण. क्लिओचीही तीनच होती. त्याने त्या दिवशी जेवायला नकार दिला.

"त्याने तुझ्या खिशातून काढले का?" व्हर्डेलने विचारलं.

"नाही."

"मग जेव."

"अगं पण त्या पोराला डाव्या हाताने चेंडू टाकता येत नाही."

"तुला उजव्या हाताने येत नव्हता."

क्लिओ जेवला. पण त्यानंतर आठवडाभर त्याने टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

पुढे खेळाडूंचे बंगले सजवणारे लोक आले आणि पलंग इटलीहून यायला लागले. २००८ साली क्लिओने दुकान विकलं. रंधे, पटाशा, शिकंजे एवढं मात्र घरी आणून गॅरेजमध्ये लावलं, त्यामुळे गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात उभी असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला घेतलं ती मागच्या हिवाळ्यातली.

शहराच्या संघाने ट्रेमेन ओसगुड नावाच्या बावीस वर्षांच्या पोराशी नवा करार केला. उंची सात फूट एक इंच, पाच वर्षं, साडेवीस कोटी डॉलर. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिओ नेहमीच्या कोनी आयलंडमध्ये, म्हणजे मिरचीच्या रश्शातले सॉसेज आणि अंडी मिळणाऱ्या कोपऱ्यावरच्या खानावळीत, पोचला तेव्हा त्याचा मित्र एझेल कागदी रुमालावर गणित मांडून बसला होता. एझेलने तीस वर्षं कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवले होते आणि आकड्यांवर त्याचं प्रेम होतं.

"दिवसाचे एक लाख बारा हजार," एझेल म्हणाला. "तासाचे चार हजार सहाशे ऐंशी. तुला पहिल्या वर्षी किती होते रे?"

"साडेसहा हजार."

एझेलने पेन्सिल चालवली. "एक तास तेवीस मिनिटं. तू वर्षभर जे कमावलंस ते हा पोरगा दात घासून, आंघोळ करून, नाश्ता करेपर्यंत कमावतो. तुझ्या आईने तुला जन्माला घालायची घाई केली, क्लिओ."

"आणि झोपेत?"

"आठ तास धरले तर सदतीस हजार. रोज. झोपेत."

एझेलने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि दोघं अंडी खायला लागले.

त्याच महिन्यात एका रविवारी दुपारच्या सामन्याला संघाने आपल्या जुन्या खेळाडूंना बोलावलं. सगळ्यांना नवे शर्ट दिले. क्लिओच्या शर्टावर नाव बरोबर होतं. व्हर्डेलने ते अक्षर अक्षर तपासलं. सामन्यानंतर आतल्या बोळात खाण्याची टेबलं मांडली होती. तिथे एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई मुलाबद्दल कुणाशी तरी तावातावाने बोलत होती. ती ट्रेमेनची आई, लाव्हर्न ओसगुड. फ्लिंटच्या एका शाळेत मुलांचं जेवण रांधते. अजूनही रांधते. पोरगा करोडपती झाल्यावर काम का सोडलं नाही असं कुणी विचारलं की ती सांगते, "पगार त्याचा आहे. माझ्या पेन्शनला अजून दोन वर्षं आहेत."

ती म्हणत होती, "अडतीस हजारांचा पलंग. इटलीचा. आणि पोराला झोप नाही. का? तर पलंग गोल आहे."

"गोल?" क्लिओने न राहवून विचारलं.

"गोल. भाकरीसारखा. मधोमध सरळ झोपलं तर मावतो कसाबसा. जरा कूस बदलली की एकीकडून डोकं बाहेर, दुसरीकडून पाय. आज बघितलंत ना, चार चेंडू हातातून सुटले. तुम्ही कोण?"

क्लिओ काही बोलायच्या आत व्हर्डेल पुढे झाली आणि चर्चमधल्या बायका एकमेकींना हाक मारतात तशी म्हणाली, "सिस्टर, हे क्लिओफस हारग्रोव्ह. सहा वर्षं इथे बसले आणि चाळीस वर्षं उंच माणसांना झोपवलं."

पुढच्या शनिवारी सकाळी मायलेक क्लिओच्या घरी हजर झाले. त्यांच्याबरोबर संघाचा एक तरुण माणूसही होता, हातात कागदांची फाईल. ट्रेमेन दारातून न वाकता आत आला आणि आपलं डोकं कुठे आपटलं नाही म्हणून चमकून मागे वळून चौकटीकडे बघत राहिला. व्हर्डेलने सगळ्यांना रताळ्याचा पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, वाढला. मग क्लिओने किंमत सांगितली: अक्रोडाचं लाकूड, आठ फुटी, चोवीसशे डॉलर.

"एकोणीसशे," लाव्हर्न म्हणाली.

"मम्मा," ट्रेमेन हळूच म्हणाला.

"तू गप्प बस. समोरचं खा." ती क्लिओकडे वळली. "याला लहानपणी बूट घेताना पण मी घासाघीस केली. आता पैसे आले म्हणून सवय मोडू का?"

"बाई, नुसतं लाकूडच हजाराच्या वर जातं."

"आणि तुमचं वय? मध्येच काही झालं तर अर्ध्या पलंगाचं मी काय करू? दोन हजार."

एकवीसशेवर सौदा झाला. क्लिओ मनातून खूश होता. पंचवीस-तीस वर्षांत त्याच्याशी कुणी घासाघीस केली नव्हती.

माप घेऊन झाल्यावर ट्रेमेन म्हणाला, "मिस्टर क्लिओ, मी मदत करू? शाळेत लाकूडकामाचा तास मला आवडायचा."

संघाचा माणूस खोकला. त्याने फाईल उघडली. करारात लिहिलं होतं, खेळाडूने मोटारसायकल चालवायची नाही, बर्फावर घसरायचं नाही, विमानातून उडी मारायची नाही, घोड्यावर बसायचं नाही, आणि धारदार अवजारांशी संबंध ठेवायचा नाही.

"पॉलिश पेपर धारदार असतो का?" क्लिओने विचारलं.

त्या माणसाने बाहेर जाऊन फोन केला. वीस मिनिटांनी परत आला. "हातमोजे घालून. बसून. आणि मी समोर असलो तरच."

अशा रीतीने महिनाभर, सराव नसेल त्या सकाळी, गॅरेजमध्ये तिघं बसायचे. क्लिओ करवत चालवायचा, ट्रेमेन जाड हातमोजे घालून स्टुलावर बसून फळ्या घासायचा, आणि संघाचा माणूस कोट गुंडाळून कोपऱ्यात बसून साडेवीस कोटींच्या बोटांवर नजर ठेवायचा. क्लिओचा हात पूर्वीसारखा चालत नव्हता. दोनदा त्याची खूण चुकली, एक फळी वाया गेली. ट्रेमेनने ती बाजूला ठेवली आणि दुसरी पुढे केली. क्लिओला ते आवडलं.

तिसऱ्या आठवड्यात पोराने विचारलं, "मिस्टर क्लिओ, राग नाही येत? म्हणजे माझ्याकडे बघून."

क्लिओने रंधा खाली ठेवला. "एकदा आला होता. तुझ्याआधीच्या एकावर. मग गेला."

"कसा गेला?"

"भूक लागली." तो पुन्हा कामाला लागला. जरा वेळाने म्हणाला, "तुला खरं सांगू? मला तुझ्या पैशांचं काही वाटत नाही. तुला करवतीला हात लावू देत नाहीत ना, त्याचं वाटतं."

व्हर्डेल कॉफी घेऊन आली होती. क्लिओचं राहिलेलं बोलणं तिने पूर्ण केलं. "आणि बाळा, तुझ्या पगाराची पहिली सही आमच्या घरात झाली आहे. तुझ्या आजोबांच्या वयाच्या लोकांनी भीत भीत कागदावर नावं लिहिली, तेव्हा कुठे मालक लोक खेळाडूंशी नीट बोलायला लागले. आमचे हे, पेन हातात धरून अर्धा तास बसले होते. मी सांगितलं म्हणून केली."

"व्हर्डेल, सगळ्या संघांतल्या सगळ्यांनी केली."

"मी माझ्या स्वयंपाकघरातलं सांगतेय."

ट्रेमेनने हातमोजे नीट घातले आणि पलंगाचा पाय इतका घासला की क्लिओला थांबवावं लागलं. पाय पाव इंच बारीक झाला होता.

डिसेंबरात पलंग पोचला. गोल पलंग लाव्हर्नने फ्लिंटच्या आपल्या चर्चला देऊन टाकला. तिथली लहान मुलं आता त्यावर गोल बसून गोष्टी ऐकतात आणि पलंग शेवटी योग्य जागी गेला असं सगळ्यांचं मत आहे.

चार दिवसांनी दुपारी फोन वाजला. लाव्हर्न होती.

"मिस्टर हारग्रोव्ह, पलंगाबद्दल तक्रार आहे."

तो बारीक झालेला पाय मोडला, असंच क्लिओला वाटलं. "काय झालं?"

"झोपला. काल रात्री दहाला झोपला तो आज सकाळी अकराला उठला. सराव नऊचा होता. अडीच हजार दंड झाला. पलंग एकवीसशेचा आणि झोप अडीच हजारांची. अर्धे तुम्ही द्यायला हवेत, न्यायाने."

क्लिओ खुर्चीत बसला. हसताना त्याला ठसका लागला, व्हर्डेलने फोन हातातून घेतला, आणि तिकडची हकिगत ऐकून तीही बसली. "सिस्टर," ती शेवटी म्हणाली, "पोराला एक गजराचं घड्याळ घेऊन दे. आणि दोघं रविवारी चर्चनंतर जेवायला या."

लाव्हर्न आली ती तळलेले मासे घेऊनच आली, आणि दंडाचं बोलणं तिने दारातच सोडून दिलं, कारण तिच्याकडे दुसरं बोलणं होतं. ट्रेमेनने सरावाच्या जागी आपल्या झोपेचं इतकं कौतुक केलं होतं की संघातल्या आणखी चौघांना तसेच पलंग हवे होते. गिऱ्हाइकं आपण आणली म्हणून प्रत्येक पलंगामागे आपल्याला शंभर डॉलर मिळावेत असं लाव्हर्नचं म्हणणं होतं.

"त्याच भावात करून देतो," क्लिओ म्हणाला, "एकवीस..."

व्हर्डेलने त्याच्या हातावर हात ठेवला. "क्लिओ, ट्रेमेनला मागचं अंगण दाखव."

"अगं तीन फूट बर्फ आहे तिथे."

"तेच दाखव."

दोन उंच पुरुष मागच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. आतून दोन बायकांचे आवाज येत होते, एक चढला की दुसरा खाली, मग उलट. एकदा टेबलावर हात आपटल्यासारखं वाटलं, एकदा दोघी खो खो हसल्या. ट्रेमेनने कानाला हात लावले. कान थंडीने गारठले होते. "माझ्या करारालासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता," तो म्हणाला.

पाऊण तासाने दार उघडलं. व्हर्डेलच्या हातात कागद होता. "साडेतीन हजार एका पलंगाचे. शंभर सिस्टर लाव्हर्नला. महिन्याला एकच पलंग. सकाळी नऊ ते बारा काम, दुपारी झोप, रविवारी सुट्टी. लाकूड उचलायला एझेल येईल."

"आणि मला काय मिळणार?" क्लिओने विचारलं.

"तुझ्या पगाराचं अजून ठरलं नाही. आत या, मासे गार होताहेत."

वसंतापर्यंत दोन पलंग झाले. तिसऱ्याचं माप घ्यायला संघातला एक लिथुआनियाचा पोरगा आला होता, सात फूट तीन इंच. तो गॅरेजच्या जमिनीवर आडवा झाला, क्लिओने त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत खडूने रेघ ओढली आणि उठताना गुडघे धरले. एझेलने त्याला हात देऊन उठवलं. संघाचा तो माणूस फाईल मांडीवर घेऊन बसला होता. आता त्यालाही एक टेबल करून हवं होतं, पण किंमत व्हर्डेलला विचारायचा धीर त्याला होत नव्हता.